सहावं पाकीट

गोठ्याच्या दारात मी उभी होते. पायांशी पाच फाटकी पाकिटं पडली होती आणि कुत्र्यांनी ती इतकी मन लावून चाटली होती, की आतला चंदेरी कागद सकाळच्या उजेडात चकाकत होता.

"आक्का, पिशवी खुंटीला लावली होती ना?"

"लावली होती की गं. गव्हाणीवर चढली असतील मेली." आक्का पदर सावरत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "आता? भाकर कुस्करून दिली तर?"

"नाही चालणार."

"दूध?"

"दूध दिलं तर ती ओकते."

"मग मांजर खाती तरी काय बाई तुमच्या पुण्यात?"

आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. गेवराईच्या पुढे गोदावरीच्या काठी शेलगाव आहे, तिथे त्या एकट्या राहत. आई गेली त्याला नऊ दिवस झाले होते आणि आज दहावा होता. दहाव्याचं काम गावच्या घाटावरच करायचं, हा बाबांचा हट्ट. म्हणून आदल्या संध्याकाळी आम्ही पाच तास गाडी चालवत आलो होतो. बाबा, मी आणि मागच्या सीटवर वेताच्या करंडीत तपकीर.

तपकीर ही आईची मांजर. आई एकोणीस दिवस रुग्णालयात होती. त्या दिवसांत तपकीरनं आधी खाणं कमी केलं, मग सोडलं. आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. आई गेल्यावर सातव्या दिवशी मी तिला उचललं, तेव्हा तिच्या कानांची आतली कातडी पिवळी दिसली. मी डॉ. पाठाऱ्यांकडे धावले.

"मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते," ते म्हणाले. "यकृत भरलं की भूक मरते. भूक मेली की आणखी चरबी. हे चक्र बाहेरूनच तोडावं लागतं."

त्यांनी माशांचं बारीक वाटलेलं ओलं खाणं दिलं, पाकिटांतलं. बिनसुईच्या सिरिंजनं दर चार तासांनी वीस ग्रॅम, रात्रीसुद्धा. खाडा नको. दुसरं काही देऊन बघायचं नाही, कारण एक मोठी उलटी झाली तरी मागचं सगळं वाया. पहिले पाच दिवस काढले तर वाचेल, म्हणाले. त्यांच्याकडचे पिंजरे भरलेले होते. शेजारच्या काकूंना सिरिंज बघूनच घाम फुटला. म्हणून मी तिला घेऊन आले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. जीवरसायनशास्त्राची एमएस्सी नुकतीच झाली होती. माझ्याकडे एक वही होती आणि वहीत चार रकाने: वेळ, प्रमाण, उलटी, शेरा. सहा पाकिटं आणली होती. घरात दहाव्याचा स्वयंपाक, तिथे मासळी नको, म्हणून आक्कांनी पाच पाकिटांची पिशवी गोठ्यात ठेवायला लावली. सहावं माझ्या खांद्याच्या पिशवीत, प्रवासासाठी वेगळं काढलेलं होतं. म्हणून वाचलं.

मी बीडमधल्या दोन दुकानांना फोन केले. एकानं उचललाच नाही. दुसरा म्हणाला, "ताई, कोरडे दाणे आहेत. ओलं आमच्याकडे कोण घेतंय?" मग डॉ. पाठाऱ्यांना केला.

"किती आहे हातात?"

"एक पाकीट. पंच्याऐंशी ग्रॅम. सहाचं खाणं त्यातूनच देतेय."

"मग चार वेळा पुरेल. संध्याकाळी सहाचंसुद्धा निघेल. त्याच्या आत या. आणि उघडलेलं पाकीट उन्हात ठेवू नका, तुम्हाला काय सांगायचं."

मला खरंच सांगायला नको होतं. वैशाखातलं ऊन, चाळीसच्या वरचं. उघडलेल्या पाकिटात जिवाणू किती वेगानं वाढतात, त्याचा आलेख मी परीक्षेत काढला होता. आक्कांच्या फ्रीजमधला सगळा बर्फ थर्मासमध्ये भरला, पाकिटाचं तोंड दुमडून दोऱ्यानं बांधलं आणि आत सोडलं. काम साडेदहापर्यंत उरकेल, अकरा-साडेअकराला निघू, दोनचं खाणं रस्त्यात, पाचच्या आत पुणे. हिशोब बसत होता.

घाटावर आम्ही पाच जण होतो. बाबा, मी, आक्का, बाबांचे चुलतभाऊ विनूकाका आणि गजाननगुरुजी. गुरुजी मोटारसायकलवरून आले होते आणि दुपारी त्यांना दुसऱ्या गावाला जायचं होतं. बाबांचे केस सकाळीच उतरवले होते. त्यांच्या उघड्या डोक्यावर कानामागे एक जुनी खूण दिसत होती, ती मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

सव्वादहाला भाताचे पिंड दर्भावर मांडून झाले. पाण्यापासून चार पावलांवर, सपाट दगडावर.

"आता मागं सरका सगळे," गुरुजी म्हणाले. "कावळा शिवला की झालं."

आम्ही मागे सरकलो. मी ओवरीच्या सावलीत करंडी उघडून तपकीरला दहाचं खाणं दिलं. ती प्रतिकार करत नव्हती, हेच वाईट होतं. आदल्या दिवशी तिनं पंजा तरी मारला होता. वीस ग्रॅम गेले, उलटी नाही. वहीत लिहिलं. उरले पंचेचाळीस.

अकरा वाजले. कावळा आला नाही.

"असं होतंय कधी कधी," विनूकाका म्हणाले. "माणसाचं काही मागं राहिलेलं असतं. बोलावं लागतं." त्यांनी पुढे होऊन हात जोडले आणि नदीपल्याड ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, ऋजुताचं लग्न आम्ही थाटात लावू! काळजी करू नका!"

"काका!"

"गप गं. बोलायला काय जातंय. शंभरात नव्वद वेळा तेच अडलेलं असतं."

कावळा आला नाही.

आक्का पुढे गेल्या. बाबांना त्या मनूच म्हणत. "कुमुद, मनूकडं मी बघते. तुझ्यासारखं जमायचं नाही, पण बघते." तरी नाही. बाबा जाऊन पिंडांसमोर बसले. हळू म्हणाले, "कुमुद, गोळ्या वेळेवर घेईन. बाहेरचं खाणार नाही." दगडावर एक मुंगळा चढला आणि उतरला. बाकी काही नाही.

"दादा, एक बोलू का?" विनूकाकांनी ओवरीकडे बोट केलं. "ते मांजर. घाटावर मांजर आणलंय आणि कावळ्याची वाट बघायलेत. कसा यील तो?"

"करंडी बंद आहे, काका. त्याला दिसत नाही."

"तुला दिसत नाही. त्याला वास येतो."

कावळ्याला मांजराचा वास कितपत येतो हे मलाही माहीत नव्हतं, त्यामुळे वाद घालता आला नाही. करंडी उचलून मी घाटाच्या पायऱ्या चढले आणि वरच्या मारुतीच्या देवळामागे, लिंबाखाली नेऊन ठेवली. ओला पंचा टाकला. तपकीरनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडाही आता पिवळसर होत्या.

बारा वाजले. साडेबारा. बाबा उन्हातून हलत नव्हते.

"मनू, सावलीला ये," आक्का म्हणाल्या.

"नको."

"पाणी तरी घे."

"शिवल्याशिवाय नाही."

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "काका, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू, तो लावू. काही दोष नाही. आजकाल बऱ्याच ठिकाणी तसंच करतात."

"गवताचा कावळा नको," बाबा म्हणाले. "ती काय मला फसवत नव्हती. मी कशाला फसवू?"

त्यांचा आवाज मला बरोबर वाटला नाही. जवळ जाऊन पाहिलं. कपाळावर घाम होता, पण उन्हाचा घाम वेगळा. हा गार होता. हाताची बोटं थरथरत होती.

"बाबा, सकाळी साखरेची गोळी घेतलीत?"

"घेतली. आत्ताच वचन नाही का दिलं तिला?"

"काही न खाता?"

"आज कसं खाणार?"

गोळी सहाला, पोटात काहीच नाही, आणि आता पावणेएक. रक्तातली साखर कुठवर उतरली असेल याचा अंदाज करायला यंत्र लागत नव्हतं. मी पिशवीतून गूळ काढला. त्यांनी माझा हात बाजूला केला. इतक्या जोरानं, की गूळ वाळूत पडला.

"बाबा, तुम्ही बेशुद्ध व्हाल."

"होईन."

"अहो, साखर आणखी उतरली तर..."

"ऋजू, आकडे सांगू नकोस मला." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुरे झाले आता आकडे."

ते का म्हणाले ते मला कळलं होतं. बाकीच्यांना नाही.

मी उठून पाण्यापर्यंत गेले. काहीतरी करायला हवं होतं आणि मला एकच गोष्ट येत होती, बघणं. तेव्हा पहिल्यांदा मी हा प्रश्न नीट विचारला: कावळे आहेत कुठे? लिंबावर एकही नव्हता. घाटावर नाही, देवळाच्या शिखरावर नाही. मग पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे भोयांच्या दोन होड्या वाळूत ओढलेल्या होत्या. तिघं-चौघं बसून मासे साफ करत होते आणि त्यांच्याभोवती वाळू काळी झाली होती. तीस-चाळीस कावळे. आतडी, खवले, डोकी. एवढी मेजवानी सोडून इकडच्या अळणी भाताला कोण येईल?

आई अडली नव्हती. कावळ्यांची पोटं भरलेली होती. मला ते बाबांना सांगावंसं वाटलं आणि त्याच क्षणी कळलं, की ते सांगणं म्हणजे पुन्हा आकडेच.

मी थर्मास उघडला. बर्फ पूर्ण वितळला होता, पाणी अजून गार होतं. पाकिटात पंचेचाळीस ग्रॅम. दोनला वीस, सहाला वीस, आणि पाच ग्रॅम पाकिटाला चिकटून वाया. आता पाचच्या आत पुणं शक्यच नव्हतं. म्हणजे तपकीरला हे सगळं लागणार होतं.

मागे आक्का ओरडल्या, "मनू! मनू, सरळ बस!"

बाबा एका बाजूला कलले होते. विनूकाकांनी त्यांना धरलं. त्यांनी पुन्हा मान ताठ केली.

मी दोरा सोडला.

"मी बोलते आईशी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "मी एकटीनं बोलले नाहीये अजून. सगळे मागे व्हा."

"बोल पोरी, बोल," विनूकाका म्हणाले आणि त्यांनी बाबांना चार पावलं मागे नेलं.

मी पिंडांसमोर गुडघे टेकले. पाठ त्यांच्याकडे. ओढणी दोन्ही हातांवरून खाली सोडली आणि तिच्या आत पाकीट पिळलं. पहिल्या पिंडाच्या मागच्या बाजूला, नदीच्या अंगाला. मग दुसऱ्या. तपकिरी लगदा पांढऱ्या भातावर बसला. माशाचा वास इतका तीव्र आला, की मला वाटलं आता सगळ्यांना कळणार. पण वारा काठावरून नदीपलीकडे वाहत होता. म्हणजे वास तिकडेच जाणार होता, जिथे मला हवा होता. वीस-बावीस ग्रॅम गेले असतील. आईशी मी काहीच बोलले नाही. बोलायचं होतं ते मला बोलता येत नव्हतं.

उठले. पाकीट ओढणीत गुंडाळलं.

"काय बोललीस?" विनूकाकांनी विचारलं.

"आमचं आमच्यात."

मिनिटभर काही झालं नाही. मग बाबा उठले. विनूकाकांचा हात त्यांनी सोडवला आणि डुलत्या पावलांनी पिंडांपाशी गेले. खाली बसले, दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि वाकले. नाक जवळजवळ भाताला लागलं. ते तसेच राहिले. फार वेळ. मला वाटलं, झालं, पडणार आता. मी पुढे झाले. तेवढ्यात त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नजर जड होती. साखर उतरली की तशी होते, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

मग ते पुन्हा पिंडांकडे वळले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"कुमुद, तू तीनदा म्हणालीस मला घरी ने. मी नाही नेलं. तो निर्णय माझा होता. दुसऱ्या कुणाचा नव्हता. मला क्षमा कर."

आक्कांनी तोंडाला पदर लावला.

ते खरं नव्हतं. बाबा आईला घरी न्यायला निघाले होते. सिलिंडर भाड्यानं आणायचं ठरवून, गाडीची किल्ली हातात घेऊन ते खोलीबाहेर आले होते. व्हरांड्यात त्यांना अडवलं ते मी. एका कागदावर मी त्यांना लिहून दाखवलं: ऑक्सिजन चौऱ्याऐंशी, इथे यंत्रावर एक्याण्णव, घरी नेलं तर दोन तास, फार तर तीन. "तुम्हाला ती दोन तास हवी आहे का बरी होऊन?" असं मी विचारलं होतं. किल्ली मी त्यांच्या हातातून काढून घेतली. आई आणखी सहा दिवस जगली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे नंतर ती काही म्हणाली नाही.

बाबांचे हात अजून जोडलेलेच होते, तेव्हा पाण्यावरून तो आला. एकटाच. दगडाच्या कडेला उतरला, तिरपा चालत पुढे आला, मान वाकडी करून बघितलं आणि नदीच्या अंगानं पिंडात चोच घातली. एकदा, दोनदा. मग मागून आणखी चार आले.

"शिवला!" विनूकाका ओरडले. "शिवला, दादा! बघा, तेच अडलं होतं!"

गुरुजींनी हात जोडले. आक्का रडत होत्या. मी वाळूतला गूळ उचलला, झटकला आणि बाबांच्या तोंडात घातला. त्यांनी तो खाल्ला. वरून मी साखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांत त्यांच्या हातांची थरथर कमी झाली.

मी तांब्या खाली ठेवत होते, तेव्हा आक्कांनी माझं मनगट धरलं. हात स्वतःच्या नाकाजवळ नेला आणि सोडला.

"हात धुऊन ये," त्या हळूच म्हणाल्या. "साबणानं. आणि पोरी, माझ्या दहाव्याला पण तूच ये."

दोनला मी लिंबाखाली बसून तपकीरला वीस ग्रॅम दिले. पाकीट उलटं करून, कोपरे चिमटीत धरून जे निघालं, ते जेमतेम वीस. मग पाकीट रिकामं झालं.

परतीच्या वाटेत नगरच्या अलीकडे ट्रक उलटला होता. तासभर रांगेत अडकलो. सहा वाजून गेले. मी थर्मास, पिशवी, वही, सगळं पुन्हा चाळलं, जणू वीस ग्रॅम कुठेतरी सापडतील. करंडीत हात घातला. तपकीरचं अंग गार वाटत होतं. चार रकान्यांत मी लिहिलं: सहा वाजता, शून्य.

"खाडा पडला का?" बाबांनी पुढून विचारलं. तपकीरबद्दलचा तो त्यांचा आयुष्यातला पहिला प्रश्न असेल. आईच्या मांडीवरची मांजर ते हातानं ढकलून देत आणि मग वर्तमानपत्र उघडत.

"हो."

"माझ्यामुळे."

त्यांना वाटत होतं ते उशिराबद्दल, आणि मला ठाऊक होतं ते बावीस ग्रॅमबद्दल. तेवढे हातात असते, तर सहाचं खाणं रांगेत उभ्या गाडीतही देता आलं असतं.

डॉ. पाठाऱ्यांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेआठ होत होते. त्यांनी तपकीरला पोलादी टेबलावर ठेवलं, ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या.

"इथेच राहू दे. पिंजरा रिकामा झालाय. सलाईन लावतो, उद्या नाकातून नळी घालू."

"घरी नेली तर?"

"मी सांगणार नाही तसं."

"घरी नेली तर किती शक्यता?"

"असा आकडा नसतो. इथे जास्त, घरी कमी, एवढंच."

तपकीर टेबलाच्या कोपऱ्यात सरकली होती. तिला उभं राहता येत नव्हतं, पण तोंड दाराकडे होतं. दार उघडलं की ती मान उचलत होती. मिटलं की टेकवत होती.

बाबा भिंतीशी उभे होते. माझ्याकडे बघत होते, एवढंच.

"घरी नेते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि पाकिटं दिली. करंडी बाबांनी उचलली.

घरात शिरल्यावर मी स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि सिरिंज धुवायला घेतली. मागे करंडीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तपकीर बाहेर आली होती. मागचे पाय फरशीवर घसरत होते. ती ओट्याखाली पिठाच्या डब्यांपाशी गेली. तिथे आईनं ठेवलेली कडा उडालेली बशी तशीच होती, एकोणतीस दिवसांपूर्वीची. तिच्यासमोर तपकीर बसली, पुढचे पाय जुळवून. रिकाम्या बशीकडे बघत.

"थांब, मी सिरिंज भरते," मी म्हटलं.

"थांब जरा," बाबा म्हणाले.

त्यांनी एक पाकीट घेतलं. कुठून फाडायचं ते कळेना, मग दातांनी फाडलं. ओतायच्या आधी त्यांनी ते नाकाशी नेलं. मग गुडघ्यांवर बसून बशीत पिळलं आणि बशी बोटानं पुढे सरकवली.

तपकीरनं वास घेतला. कितीतरी वेळ नुसता वासच घेत राहिली. मग जीभ बाहेर आली. एकदा. थांबली. पुन्हा.

"हाच वास होता," बाबा म्हणाले.

"कसला?"

"पिंडाला."

माझ्या हातात सिरिंज होती आणि नळ वाहत होता. तो बंद करायचं मला सुचेना.

"मी भोयांच्या पोरांबरोबर त्या नदीत पोहायला शिकलो, ऋजू. मासळीचा वास मला कळायचा नाही?"

म्हणजे ते वाकले, तेव्हाच त्यांना कळलं होतं. कावळा आता येणार, हे ठाऊक असताना ते बोलले होते. आक्का, विनूकाका, गुरुजी, सगळे ऐकत असताना.

"मग ते वाक्य तुम्ही का..." मी सिरिंज ओट्यावर ठेवली. "ते तुमचं नव्हतं, बाबा. मी अडवलं होतं. किल्ली मी घेतली होती."

"कावळा माझ्या वाक्याला आला," बाबा म्हणाले. त्यांची नजर बशीवरून हलली नाही. "चार माणसांनी पाहिलं. आता ते माझं."

याला अकरा वर्षं झाली. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तपकीर खात होती. मी नळ बंद केला, सवयीनं वही उघडली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं: नऊ वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या रकान्यावर पेन तसंच थांबलं. बाबांनी पाकीट सरळ बशीत पिळलं होतं. किती ते कुणी मोजलं नव्हतं.